माईसाहेब, आमच्या भिंतीवर तुमचा फोटो नव्हता

आदरणीय माईसाहेब आंबेडकर,


माझं लहानपण नांदेडचं, नोकरी लातूरला औषधाच्या दुकानात. घरात भिंतीवर बाबासाहेब आणि त्यांच्या पहिल्या पत्नी रमाई होत्या, तुम्ही नव्हता. आजीला विचारलं तर सुपातले खडे वेचता वेचता ती म्हणायची, "तिचं नाव काढू नको. त्या बामणीनंच घात केला साहेबाचा." १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न तुम्ही स्वीकारलंत, तेव्हा शेजाऱ्याच्या टीव्हीसमोरून ती उठून गेली.

आता रोज इन्सुलिन माझ्या हातून जातं. जुन्या मधुमेहात पाय कसे जळजळतात, रात्री झोप कशी लागत नाही, गिऱ्हाईक काउंटरवर रेलून सांगतं. बाबासाहेबांचं हेच दुखणं होतं. तुम्ही ग्रँट मेडिकलच्या डॉक्टर, डॉ. मालवणकरांच्या हाताखाली काम केलेल्या. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत तुमचं बाबासाहेबांशी लग्न झालं. महिनाभर आधीच बाबासाहेबांनी आपले सहकारी दादासाहेब गायकवाडांना कळवलं होतं, की घरात नर्स ठेवली तर लोक नाही नाही ते बोलतील, त्यापेक्षा लग्न केलेलं बरं. लोकांनी बोलू नये म्हणून हे लग्न, आणि लोक बोलले ते तुम्हालाच!

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि तुम्ही विष दिल्याची कुजबुज उठली. सरकारनं चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक ठरला. पण कुजबुजीला चौकशीचं काय? रमाईंचा मुलगा यशवंतरावांशी तुमचा दुरावा होता, तोही पुरावा म्हणून सांगितला जायचा. (सावत्र नात्यात दुरावा नाही असं घर मला तरी माहीत नाही.) 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तुमचे आणि मालवणकरांचे उपकार मानले होते. पुस्तक निघालं, ती प्रस्तावना मात्र त्यात नव्हती. मला विषाच्या अफवेपेक्षा हे जास्त लागतं.

१९७८ च्या नामांतर दंगलीत आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या दलित पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. जन्मावरून माणूस दोषी कसा ठरतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. तरी तुमची आम्ही आधी जातच पाहिली. नागपूरला बाबासाहेबांच्या शेजारी उभं राहून तुम्हीही धम्मदीक्षा घेतली होती, ते सोयीनं विसरलो.

तुम्ही २००३ साली गेलात. आजी त्याच्या आधीच. तिला समजावायचं राहून गेलं.

मागच्या आठवड्यात गंजगोलाईतल्या दुकानात तुमचा आणि बाबासाहेबांचा फोटो फ्रेमला टाकलाय. रमाईंच्या शेजारी खिळा ठोकून ठेवलाय.

आपला,
लातूरचा एक औषधवाला