थकबाकी कोणाची?

'गरिबांना मुलांच्या शिक्षणाची किंमत नसते' हे वाक्य आपल्या मराठी बैठकींतून अद्यापही ऐकू येते. ते उच्चारणारी मंडळी बहुधा सुशिक्षित व सज्जन असतात, म्हणून ते अधिक बोचते. गिरणीच्या भोंग्यावर जेथे पिढ्यांनी घड्याळे लावली, त्या इंदुरात तरी असे बोलण्याचा अधिकार आपणांस नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथील हुकुमचंद मिल 1990च्या दशकाच्या प्रारंभी बंद पडली. तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीपोटी 224 कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. टाळे लागले तेव्हा पहिलीत असलेले मूल तोवर चाळिशीला टेकले होते. बापाचे येणे न्यायालयाच्या कागदांवर तरी जिवंत राहिले. मुलाच्या बुडालेल्या इयत्तांची नोंद कोणी ठेवली?

बेकारी घरात कशी शिरते ते पाहावे. प्रथम वाण्याची उधारी वाढते, मग दूध बंद होते, मग फी थकते. आई चार घरची धुणीभांडी धरते आणि थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी बसते. मुलगा 'तात्पुरता' म्हणून गॅरेजात जातो, तो परत शाळेत येत नाही. या आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे नव्हे. ती त्यांना परवडत नाही.

कायदे आहेत. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षण दिले. परंतु घराला कमावत्या हाताची निकड भासते ती नेमकी चौदाव्या वर्षानंतर. 2016च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कामगारांच्या 24 महिन्यांच्या देण्याला तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु मालमत्ता विकली जाईपर्यंत मुलाचे वय थांबत नाही.

सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि 1906 साली तो साऱ्या बडोदे संस्थानात नेला. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांनी जे राज्याचे कर्तव्य मानले, त्याचे आपण मात्र वर्षातून एकदाचे वह्यावाटप करून टाकले, तेही छायाचित्रासह. या दोषातून आम्ही स्वतःस वगळत नाही.

आमची मागणी एवढीच: उद्योगास टाळे लागेल त्याच महिन्यापासून त्याच्या कामगारांच्या मुलांची बारावीपर्यंतची फी, पुस्तके आणि एक वेळचे जेवण शासनाने पत्करावे, कोर्टाचा निकाल केव्हाही लागो. आणि आपल्या संस्थांनी वह्या वाटण्यापूर्वी या मागणीच्या अर्जावर सही करावी. बापाची थकबाकी उशिरा का होईना, व्याजासह चुकती करता येते. मुलाचे दहावे वर्ष तसे चुकते करता येत नाही.