टाकी मोठी करायची हौस

परवा पुतण्या म्हणाला, "तात्या, सीझन तोंडावर आलाय. ट्रॅक्टरला तीस लिटरची जादा टाकी मारून घेऊया. फॅब्रिकेशनवाला साडेतीन हजारात करून देतो म्हणतोय." मी नको म्हटलं. त्याला वाटलं तात्या पैशाला बघतोय. ऊस ओढणाऱ्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात हे खूळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे मी स्वतः 2011 च्या सीझनला केलेलं आहे. आमच्यापासून पंप 14 किलोमीटर. रोज डिझेलला पळायचा कंटाळा आला आणि डाव्या मडगार्डच्या मागं पत्र्याची टाकी बसवली. मूळ टाकीच्या खालच्या नळीला टी मारून रबरी पाइपनं जोडली. पंधरा दिवस राजासारखा फिरलो. मग एका रात्री दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याला निघालो. चढाला इंजिन दोनदा गचकलं आणि बंद. ट्रॉल्यांच्या वजनानं ट्रॅक्टर मागं सरकायला लागला. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला, बरोबरच्या गड्यानं उडी मारून चाकाला दगड लावला, तेव्हा कुठं थांबला. मागं एक मोटरसायकल होती, नवरा-बायको आणि पुढं बारकं पोर. हातभर अंतर राहिलं असेल. ते अजून आठवतं.

बंद का पडलं? नव्या टाकीत डिझेल होतं, चांगलं निम्म्याला. पण टाकीला हवा घ्यायला भोकच ठेवलेलं नव्हतं. डिझेल खाली उतरलं की वरून तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर ते आतच धरून राहतं. मूळ टाकी संपली, काटा तर तिचाच, जादा टाकीचं काय चाललंय ते काटा सांगत नाही. इंजिनानं एअर घेतली. बॅटरीच्या उजेडात फिल्टरचा बोल्ट ढिला करून, हातपंप मारून एअर काढत बसलो, दीड तास.

पुढं दुसरं दुखणं. फिल्टर सारखे चोक व्हायला लागले. मेस्त्रीनं टाकी उघडून दाखवली, बुडाला साबणासारखा चिकट थर. पत्रा जीआयचा होता. जस्ताचा पत्रा पाण्याला चालतो, डिझेलला चालत नाही, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि त्याचा गाळ होतो. हे करणाऱ्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. नोझल आणि पंपाचं काम निघालं, तेवढ्या पैशात दोन सीझन पंपावर जाऊन आलो असतो.

सगळ्यात वाईट म्हणजे कंपनीच्याच टाकीला भोक पाडून वेल्डिंग मारायचं. शेजारच्या गावात एक जण असाच भाजला, तोंड आणि दोन्ही हात. टाकी रिकामी केली होती, पाण्यानं खळबळून घेतली होती, म्हणून तो निर्धास्त. लोक म्हणतात डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही. थंड असताना नाही भडकत. पण पत्रा तापला की आत चिकटून राहिलेल्या डिझेलची वाफ होते, आत हवा असतेच, वर ठिणगी. रिकामी टाकी जास्त घातक ती यासाठी. पाण्यानं ते तेल निघत नाही.

आता खरा हिशेब. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण साठ लिटरची टाकी येते. रोटर मारताना तासाला पाच ते सहा लिटर धरा, म्हणजे दहा तास चालतो. ऊस ओढताना तर यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंदच असतं. मग टाकी लहान पडते कशी? आपण ती कधी फुल्ल करतच नाही! पाचशेचं टाक, हजाराचं टाक. उचल आली की टाकू. टाकी लहान नाही, खिसा लहान आहे. यात लाजायचं काही नाही, माझाही तसाच आहे. पण खिशाचा प्रश्न वेल्डिंगनं सुटत नाही. मोठ्या टाकीतही हजाराचंच डिझेल पडणार आणि वरची सगळी जागा हवेला. थंडीत रात्री त्या हवेतलं पाणी पत्र्याला धरतं आणि बुडाला जाऊन बसतं. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, सकाळी नाही.

आणि विमा. गाडीत मनानं फेरफार करण्यावर 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे. काही झालं आणि सर्व्हेला आलेल्या माणसानं घरगुती टाकी बघितली, तर तो काय लिहील ते तुम्हीच ठरवा. भाड्याची ओढ करणाऱ्यांनी तर विचारच करू नये.

जादा डिझेल लागतंच असेल तर घट्ट झाकणाचे दोन लोखंडी कॅन घ्या, सावलीत ठेवा, ओतताना जाळीचं नरसाळं लावा आणि इंजिन बंद करा. कॅनमध्ये द्यायला काही पंपवाले नकार देतात, आधी विचारून जा.

पुतण्या दोन दिवस धड बोलला नाही. काल कॅन घेऊन आला. एकाच्या झाकणाचं वायसर सैल आहे, ते बदलून आण म्हटलंय.