पलटणीचें कुटुंब

छत्रपती संभाजीनगरांत राहणाऱ्यांस छावणी नवी नाहीं. परंतु तेथील शिपाई कोणत्या बंधनानें एकत्र नांदतात, याचा विचार आपण क्वचितच करतों. केवळ पगार आणि हुकूम यांमुळें कोणी सोबत्यासाठीं प्राण देण्यास सिद्ध होत नाहीं. त्यास घरच्यासारखी आपुलकी लागते. ती कशी जडते हें पाहूं जातां महार रेजिमेंटचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

महार शिपायांनीं मुंबई इलाख्याच्या सैन्यांत पिढ्यानुपिढ्या इमानें चाकरी केली होती. तरीहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठीं भरतीचें दार बंद झालें. पहिल्या महायुद्धांत गरज पडतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आग्रह धरल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांव येथें महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

जातीच्या नांवाची पलटण म्हणजे जातिभेदाचें पोषण, असा आक्षेप कांहीं विचारी लोक घेतात. तो उडवून लावण्याजोगा नाहीं. परंतु नांवापेक्षां वर्तन पाहावें, असें आम्हांस वाटतें. ज्यांस एकदां दाराबाहेर ठेविलें होतें त्यांच्या नांवाच्या या रेजिमेंटमध्यें आज निरनिराळ्या प्रांतांचे व जातींचे जवान एका पंक्तीस बसतात. जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे. मुंबईंत जन्मलेले, तमिळ कुटुंबांतील मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ व्या महार पलटणीचे अधिकारी होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं श्रीलंकेंत गोळी लागली असतांहि त्यांनीं शत्रूच्या हातची रायफल हिसकावून घेतली आणि अखेरपर्यंत आपल्या जवानांस धीर व हुकूम दिले. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. त्या रात्रीं कोणाची जात कोणती, हें कोणीं विचारलें असेल काय?

कुटुंबाचें दुसरें लक्षण म्हणजे पुढील पिढीची काळजी. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंत मुख्याध्यापक होते. त्या घरांत विद्येची गोडी लागलेल्या पुत्रानें १९५० सालीं आमच्याच शहरांत महाविद्यालय काढलें. तेंच आजचें मिलिंद महाविद्यालय. छावणींतील अक्षरओळख अशी आमच्या दारापर्यंत आली.

आणि सेवा निवृत्तीनेंहि संपत नाहीं. २०१७ सालीं आमच्या शहरीं याच रेजिमेंटची १३६ वी पर्यावरण पलटण उभी राहिली. तींत मुख्यतः माजी सैनिक असून मराठवाड्याच्या उजाड माळांवर झाडें लावणें व तीं जगविणें हें तिचें काम आहे. येथें शत्रू म्हणजे दुष्काळ. रोप लावणें सोपें. परंतु चैत्र-वैशाखांत त्यास पाणी देणें व गुरांपासून राखणें, हें काम चिकाटीचें. त्यांत टाळ्या नाहींत, आणि सावली मिळेल ती बहुधा दुसऱ्यांच्या नातवंडांस.

पालकांस आमची विनंती आहे कीं, पूर्वजांचा पराक्रम मुलांस अवश्य सांगावा. परंतु त्याबरोबर ‘आतां तुझ्या वांट्यास कोणतें काम आलें आहे?’ हेंहि विचारावें. पूर्वजांनीं केलेल्या सेवेचा केवळ अभिमान बाळगणारा तिचा उपभोग घेतो. ती पुढें चालविणारा खरा वारस होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांतहि परगांवाहून आलेला, निराळी बोली बोलणारा एखादा मुलगा डबा घेऊन एकटा बसत असेल. त्यास आपल्या पंक्तीस बोलवा. शाळेचें कुटुंब तेथूनच उभें राहतें.