वॉर्डकडे पाठ फिरविणाऱ्या परिचारिका

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. परिचारिकांच्या त्यागाचा गौरव होतो. परंतु नुकतेच नर्सिंग पूर्ण केलेल्या मुलामुलींशी बोलू लागल्यास एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘वॉर्ड सोडून दुसरे काही करता येईल का?’

या प्रश्नाला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. रात्रपाळी, एकेका परिचारिकेच्या वाट्याला येणारे भरमसाट रुग्ण, नातेवाइकांची अरेरावी आणि तुटपुंजा पगार ही त्यामागील कारणे आहेत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये, तर २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपविण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची उणीव आहे. हात कमी आणि रुग्ण अधिक, हे या दुखण्याचे मूळ होय.

आता पर्याय पाहू. नर्सिंग महाविद्यालयात शिकविणे, संसर्ग नियंत्रण, रुग्णालयाचा गुणवत्ता विभाग, विमा दाव्यांची छाननी, मेडिकल कोडिंग, औषधचाचण्यांचे समन्वयन, शाळेतील परिचारिका अशी अनेक कामे आहेत. परंतु यांतील चांगल्या पदांची वाट बहुधा वॉर्डमधूनच जाते. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी बी.एस्सी. झालेल्या उमेदवारास किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. जी.एन.एम. झालेल्यांना ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेसाठी ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. आखाती देशांतील नोकऱ्यांसाठीही सामान्यतः अशीच अट असते. ज्या परिचारिकेने स्वतः कधी जखमेची मलमपट्टी केलेली नाही, ती इतरांना संसर्ग नियंत्रणाचे धडे कसे देणार?

कोडिंग वा विमा क्षेत्रात नवशिक्यांनाही प्रवेश मिळतो. पण तेथे इतर विज्ञान पदवीधरांशी स्पर्धा असते आणि दोन-तीन वर्षांनी रुग्णालयात परतावेसे वाटले तर तो काळ अनुभव म्हणून धरला जाईलच असे नाही. हा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा, एवढेच सांगणे आहे. पाठीचे दुखणे, तान्हे मूल वा घरातील आजारी माणूस यांमुळे वॉर्ड सोडावा लागला, तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३ मार्च २०१८ रोजी इटलीतील परिचारिकांना भेट दिली, तेव्हा सिस्टर कॉर्नेलिया काराल्यो यांचे कृतज्ञ स्मरण केले. विशीत असताना ते मृत्यूच्या दारात होते. या डॉमिनिकन परिचारिका भगिनीने डॉक्टरांशी वाद घालून उपचारांत बदल घडवून आणला आणि त्यांचे प्राण वाचले. रुग्णाजवळ दिवसरात्र उभे राहिल्याने आलेले ते शहाणपण होते. कोणत्याही कार्यालयात बसून ते मिळत नाही. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला दुरून आशीर्वाद दिला नाही; हात लांब करून त्याला स्पर्श केला.

तथापि, हा दाखला देऊन मुलींना कमी पगारात राबवून घेण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. कामगाराला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, हे १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारुम’ या विश्वपत्रापासून ख्रिस्तसभा सांगत आली आहे. हा निकष ख्रिस्ती संस्थांच्या रुग्णालयांनाही लागू आहे. ‘ही तर सेवा आहे’ या वाक्याने वेतनाचा प्रश्न मिटत नाही.

नवपरिचारिकांनी किमान दोन वर्षे वॉर्डमध्ये मनापासून काढावीत, मग पुढची दिशा ठरवावी. पालकांनी परदेशाची घाई करू नये. रुग्णालय चालविणाऱ्यांनी पुरेशा परिचारिका नेमाव्यात, त्यांना सुरक्षितता आणि हक्काची सुट्टी द्यावी. आणि आपण धर्मग्रामस्थांनी, आपला माणूस रुग्णालयात असताना, त्याच्या परिचारिकेशी आदराने बोलावे. तिने वॉर्डमध्ये टिकावे असे वाटत असेल, तर ते टिकणे सुसह्य करण्याची जबाबदारी आपलीही आहे.