राजा गेला, राजेपण कधी जाणार?

अंगारकी चतुर्थीच्या दिवशी टिटवाळा स्टेशनवर उतरून पाहा. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून माणसांचे लोंढे उतरतात आणि रिक्षा गणपती मंदिराच्या दिशेने धावू लागतात. या देवळाचा संबंध थोरल्या माधवराव पेशव्यांशी सांगितला जातो. त्याच टिटवाळ्यात, त्या गर्दीपासून दूर, आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी काही तरुण वाचनासाठी जमतात. अशाच एका रविवारी एका मुलाने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, पेशवाई नेमकी कुणी बुडवली? इंग्रजांनी की आपल्या महार सैनिकांनी?"

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर साधे नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे जे घडले त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. तेथील स्तंभावर कोरलेल्या नावांत आमच्या पूर्वजांची नावे आहेत. बाबासाहेब स्वतः १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभासमोर उभे राहिले होते. पण खुनाच्या खटल्यात वकील शेवटचा घाव तेवढा पाहत नाही, मृत्यूचे मूळ कारणही शोधतो. पेशवाईचा श्वास १८१८ मध्ये थांबला, पण तिचा रोग कितीतरी जुना होता. सत्तेला धर्माचा टिळा आणि कायद्याला कुलूप, हा तो रोग!

शिवरायांनी तलवारीच्या बळावर आणि रयतेच्या विश्वासावर स्वराज्य उभे केले. तरीही ६ जून १६७४ रोजी सिंहासनावर बसण्यासाठी त्यांना काशीच्या गागाभट्टाची गरज पडली, कारण त्यांच्या क्षत्रियत्वावरच येथील ब्राह्मणांनी प्रश्नचिन्ह लावले होते. अखेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निश्चलपुरीच्या हातून दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला. ज्याने राज्य निर्माण केले त्यालाच राजा होण्यासाठी पुरोहिताचा दाखला लागावा, यापेक्षा मोठी विटंबना कोणती? पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण उभे राहिले, तेव्हा सव्वादोनशे वर्षांनंतरही तोच प्रश्न जिवंत होता.

छत्रपतींच्या घरात फूट पडली ती १७०७ मध्ये. शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांच्यात व महाराणी ताराबाईंत खेडला लढाई झाली. एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या, सातारा आणि कोल्हापूर. या भाऊबंदकीवर १७३१ मध्ये वारणेच्या तहाने पडदा पडला. पण तोवर साताऱ्याची सत्ता पेशव्यांच्या हाती जाऊ लागली होती. पुढे छत्रपती नावापुरते उरले. पेशवा कोणीही होवो, त्याला वस्त्रे देणे एवढेच त्यांचे काम राहिले.

मग भाऊबंदकी पेशव्यांच्या वाड्यात शिरली. पानिपतानंतर १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले आणि चुलते रघुनाथरावांच्या पोटात दुखू लागले. १७६२ मध्ये आळेगावला चुलत्याने पुतण्याला नमवले, तेही निजामाची मदत घेऊन. १७६८ मध्ये धोडपला पुतण्याने चुलत्याला हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत टाकले. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले. त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच गारद्यांनी त्यांना कापून काढले. कट कोणाचा होता हे पुण्याला ठाऊक होते. तरीही साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे आली ती रघुनाथरावांनाच!

येथे रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि आम्हीही ते आदरानेच घेतो. खुनाचा ठपका त्यांनी रघुनाथरावांवर ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पण शब्द नीट पाहा. ती शिक्षा नव्हती, ते प्रायश्चित्त होते. प्रायश्चित्त घ्यायचे की नाही हे पापी माणसाच्या मर्जीवर, कारण ते अमलात आणणारी यंत्रणाच राज्यात नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाचा दंडक असा की ब्राह्मणाने कोणताही अपराध केला तरी त्याला देहदंड देऊ नये, फार तर हद्दपार करावे. जेथे असा ग्रंथ हाच कायदा, तेथे न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी तो काय करणार? रामशास्त्री पुणे सोडून गेले. न्यायाने राज्याला सोडले ते त्या दिवशी.

कायदा मुका झाल्यावर बोलते ती फौज. नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, १७७४ मध्ये नारायणरावांच्या मुलाला जन्मानंतर काही आठवड्यांतच पेशवा केले. रघुनाथराव इंग्रजांच्या दारात गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने वसई व साष्टी देऊ करून त्यांनी फौज मागितली. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, घेतला होता. १७८० मध्ये कल्याणही त्यांच्या हाती पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि रघुनाथरावांना पेन्शन मिळाली! ठाण्याचा तो किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. अशिलांच्या भेटीसाठी त्या भिंतींपाशी उभे राहिलो की आमच्या मनात येते, इंग्रज या दारातून आत आले, पण दार उघडले होते घरच्याच माणसाने.

रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा तो वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. १८१८ मध्ये तो शरण गेला आणि वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन घेऊन बिठूरला जाऊन बसला. बाप पेन्शनीत गेला आणि मुलगाही पेन्शनीत गेला. मधल्या काळात रयत मेली त्याचा हिशेब कोणी ठेवला?

आणि या सगळ्या धामधुमीत अस्पृश्यांचे स्थान कोणते होते? पुण्याच्या रमण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात होती. त्याच पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडके आणि कमरेला पाऊलखुणा पुसण्यासाठी झाडू होता, असे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात नोंदवले आहे. ज्या राज्यात आपली सावलीही गुन्हा ठरते, ते राज्य वाचवण्यासाठी माणूस कशाला लढेल? पेशवाईला इंग्रजांच्या तोफांनी हरवले हे खरे, पण तिच्याच धर्मशास्त्राने तिची माणसे आधी तोडून टाकली होती.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. ज्या इंग्रजांनी आमची भाऊबंदकी वापरली, त्यांच्या घरातही तोच रोग होता. राजा ईश्वराने नेमलेला असतो, असे पहिला चार्ल्स मानत होता. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचे मुंडके उडवले गेले आणि इंग्लंड राजाविना झाले. पण पुढे काय झाले? क्रॉमवेल १६५३ मध्ये 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला, १६५८ मध्ये तो मेल्यावर त्याचा मुलगा त्या जागी बसला आणि १६६० मध्ये लोकांनी जुन्याच राजघराण्याला परत बोलावले! राजाचे डोके उडाले, राजेपण मात्र लोकांच्या डोक्यात तसेच राहिले.

१६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला घालवून पार्लमेंटने आपला अधिकार राजाच्या वर नेला. ही मोठी गोष्ट आहे आणि आम्ही ती मोठीच मानतो. पण त्याच वेळी गादीला धर्माची अट घातली गेली. १७०१ च्या कायद्याने कॅथलिक माणसाला सिंहासन बंद झाले आणि ती अट राजापुरती आजही कायम आहे. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यालाही प्रॉटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घ्यावी लागली.

या अटीची किंमत मोजली आयर्लंडने. १६४९ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेने द्रोहेडात कत्तल केली. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी जेम्सचा पराभव झाला आणि नंतरच्या कायद्यांनी कॅथलिक बहुजनांचे जमिनीचे, मताचे, पदाचे हक्क हिरावले. डॅनियल ओकॉनेलच्या लढ्याने १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले. पण उत्तर आयर्लंडमधील धर्माच्या नावाची फाळणी विसाव्या शतकातही सुमारे साडेतीन हजार माणसांचा बळी घेऊन गेली. १९९८ च्या करारानंतर तेथील बंदुका बव्हंशी थंडावल्या.

बाबासाहेबांनी आयर्लंडचा हा इतिहास बारकाईने वाचला होता. अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांनी दक्षिणेचे कोणतेही राजकीय संरक्षण का नाकारले, हा दाखला त्यांनी १९३६ मध्येच दिला आणि राजकीय प्रश्नाच्या मुळाशी सामाजिक व धार्मिक प्रश्न असतो हे दाखवून दिले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी त्याच ओकॉनेलची आठवण काढली. स्वाभिमान गहाण टाकून कोणीही कृतज्ञ राहू शकत नाही, हा त्याचा विचार त्यांनी सांगितला आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला.

म्हणून आमच्या संविधानाकडे कायद्याच्या नजरेने पाहा. येथे राष्ट्रपती होण्यासाठी कोणत्याही धर्माची अट नाही. शपथ ईश्वरसाक्ष घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, दोन्ही मार्ग खुले आहेत. कलम १४ कायद्यासमोर सर्वांना समान मानते, म्हणजे ब्राह्मणाला सूट देणारा मनूचा दंडक संपला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १८ ने किताब बंद केले. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि त्यांची राजा म्हणून असलेली मान्यताही गेली. इंग्रजांना जे रक्त सांडूनही पूर्ण साधले नाही, ते बाबासाहेबांनी लेखणीने करून दाखवले. सत्ता धर्मपीठापासून तोडून नागरिकाच्या हाती दिली.

पण समाजबांधवांनो, येथे थोडे आरशात पाहू या. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. रिपब्लिकन म्हणजे जेथे राजा नाही, प्रजेची सत्ता आहे. आणि आम्ही काय केले? काही वर्षांतच गट पाडले. प्रत्येक गटाला एक साहेब, प्रत्येक साहेबाभोवती दरबार, प्रत्येक दरबारात वारसाची चर्चा! एक गट दुसऱ्याला पाडण्यासाठी तिसऱ्याच्या दारात जातो. रघुनाथरावांनी सुरतेला वेगळे काय केले होते? आमच्या टिटवाळा-कल्याण पट्ट्यातही एकाच वस्तीत १४ एप्रिलच्या दोन-दोन मिरवणुका निघताना आम्ही पाहिल्या आहेत, आणि लोकांनी विचारल्यावर मान खालीही घातली आहे. त्यात आम्हीही दोषी आहोत, कारण आम्हीही कधी ना कधी एखाद्या गटाच्या मंचावर हार घालून घेतलेला आहे.

त्या मुलाला आम्ही शेवटी एवढेच सांगितले की पेशवाई धर्माच्या टिळ्याने आंधळी झाली आणि भाऊबंदकीने पोखरली गेली, म्हणून ती पडली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग साहेब, पुढच्या १४ एप्रिलला आपण एकच मिरवणूक काढायची का?"

शिक्षण संघटनेकडे कसे नेते ते त्या मुलाने आम्हाला दाखवले. त्याच्या प्रश्नाला आमच्या सर्व गटांच्या पुढाऱ्यांनी उत्तर द्यावे. आम्ही आमचे उत्तर दिले आहे, त्या एका मिरवणुकीत आम्ही पाठीमागे चालू. जयभीम!