आई मॉडेलमध्ये कुठे बसते?

सुरुवातीलाच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने मीरा रोड आणि भाईंदर स्टेशनचं सिम्युलेशन केलं. कल्पना साधी. कॉम्प्युटरमध्ये प्लॅटफॉर्म, जिने, पूल मांडायचे, प्रवासी सोडायचे आणि गर्दी कुठे तुंबते ते बघायचं. माणसं एकमेकांना टाळत कशी चालतात, हे हेल्बिंग आणि मोल्नार यांनी १९९५ मध्ये बलाच्या समीकरणांत मांडलं, तोच आमचा आधार. खरा पूल एकदाच बांधता येतो. स्क्रीनवरचा शंभरदा पाडून बघता येतो.

रिझल्ट झकास आला. सुट्टीत घरी आईला दाखवला. ती मीरा रोडहून चर्चगेटला नोकरीला जाते.

"यात मी कुठे आहे गं?"

मी चर्चगेटकडच्या प्लॅटफॉर्मवरचा एक ठिपका दाखवला. ती हसायलाच लागली. "मी तिथे नसतेच. मी डाऊन करते!"

विरार लाइनवाल्यांना हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आई आधी उलट्या दिशेने भाईंदरला संपणारी लोकल पकडते. तीच गाडी परत चर्चगेटला निघते, तेव्हा ती जागेवर बसलेली असते. पास भाईंदरपासूनचा काढलेला. म्हणजे पासच्या आकड्यांत ती भाईंदरची, पण जिना झिजवते मीरा रोडचा. शिवाय भाईंदरला गाडी रिकामी होते असं आम्ही धरलं होतं. प्रत्यक्षात कितीतरी सीट आधीच भरलेल्या!

कोणी म्हणेल, ही बेशिस्त आहे, ती मॉडेलमध्ये कशाला? मला नाही पटत. पन्नाशीतली बाई तासभर उभं राहणं टाळते, यात बेशिस्त कसली? मुंबईच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेच्याच भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणून नोंदलंय. अशा गर्दीत माणसं नियमाने नाही, अनुभवाने वागतात.

आणि चूक महागात पडते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाऊस पडत होता, लोक आडोशाला जिन्यावर थांबले होते, मागून गाड्यांची गर्दी येतच होती. नुसती पुलाची रुंदी आणि माणसांची संख्या भरली, तर त्या हिशोबात पाऊस कुठून येणार?

बोरिवली-विरार पाचवी-सहावी लाइन २०१९ मध्ये एमयूटीपी-३ए मध्ये मंजूर झाली. गाड्या वाढतील तशी जिन्यांवर माणसंही वाढतील. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सिम्युलेशन जरूर करा, पण आधी चार सकाळी स्टेशनवर उभं राहून मोजा, लोकांना विचारा. आपल्या कॉलेजने अशा प्रोजेक्टला 'फील्ड'चे मार्क ठेवावेत. लॅबचा एसी सोडायला थोडं जड जाईल, एवढंच!

आमचं मॉडेल आम्ही पुन्हा करतोय. या वेळी आईला विचारून.