छाया म्हणजे पुरावा नव्हे

भारतीय अंतराळ स्थानकाची उठावदार चित्रे बातम्यांतून फिरत असतात. स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट २०३५चे आहे. छायाचित्र घ्यावे असे तेथे आज काहीही नाही. तरीही ‘कल्पनाचित्र’ हा शब्द पुढे पाठवताना अनेकदा गळून पडतो.

संगणक रेखाटनाला उठाव देतो तो गणिताने. पृष्ठभागावरील लंब आणि प्रकाशकिरण यांच्यातील कोनाच्या कोसाइननुसार उजळपणा ठरतो, हा लाम्बर्टचा १७६०चा नियम. गूरो (१९७१) आणि फाँग (१९७५) यांनी सपाट तुकड्यांवरही छटा सलग दिसण्याच्या रीती दिल्या. परंतु कागदावरील रेखाटनात लंबाची दिशा नोंदलेली नसते. बाह्यरेषेवरून तिचा अंदाज करून तो आतपर्यंत पसरवावा लागतो. म्हणजे छाया नियमाने येते, खोली मात्र अनुमानाने.

आपला डोळा हा भेद ओळखत नाही. प्रकाश वरूनच येतो असे गृहीत धरण्याची त्याला सवय आहे. म्हणून चंद्रावरील विवराचे छायाचित्र उलटे धरले की तेथे टेकडी दिसू लागते.

मी राहतो त्या भिलाईत रेल्वेचे रूळ घडतात. त्यांचे माप छटेवरून नव्हे, आकडे लिहिलेल्या छेदचित्रावरून ठरते. विज्ञानवार्तेनेही तेवढीच शिस्त पाळावी. छायांकन जरूर करावे, त्याने रचना समजते. पण ‘कल्पनाचित्र’ हा शब्द चित्राच्या आतच कोरावा आणि कोणता भाग आराखड्यातला, कोणता अंदाजाचा, हे सांगावे. अन्यथा उद्या खरे छायाचित्र येईल, तेव्हा त्यावर विश्वास कोणी ठेवावा?